बावीस वर्षांनी परत प्लॅस्टिक मॉडेलचं किट हातात घेतलंय, वेदरिंग (मॉडेलवर खऱ्यासारखी धूळ, गंज, झीज दाखवणं) कुठून सुरू करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक जण, वय ४७, कॉलेजात असेपर्यंत एअरफिक्सची विमानं आणि छोटे रणगाडे करायचे, मग नोकरी, लग्न, बदल्या यात सगळं सुटलं. आता तामिया या जपानी कंपनीचं १/३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) टी-५५ए या सोव्हिएत रणगाड्याचं किट आणलंय आणि ते १९७१ चा भारतीय रणगाडा म्हणून करायचंय. जोडणी जमेल म्हणतात, पण हल्ली लोक वॉश (फटींत पळणारा पातळ गडद रंग), फिल्टर (छटा बदलणारा अगदी पातळ थर), चिपिंग (रंगाचे टवके), पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) असं काय काय करतात ते बघून हात थांबलाय. तीन गोष्टी विचारल्यात: एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) लागतोच का, कुठली बाटली आधी घ्यायची, आणि घाण किती केली की थांबायचं.

मी पण असाच मोठ्या गॅपनंतर २००८ मधे परत आलो होतो त्यामुळे हा हात थांबणं मला नीट माहितीये. तुम्ही सोडलंत तेव्हा जी पद्धत होती ती बहुतेक फ्रांस्वा व्हर्लिंडेन या बेल्जियन माणसाने लोकप्रिय केलेली, म्हणजे सगळ्या रणगाड्यावर गडद वॉश फिरवायचा, वाळला की फिकट रंगाने प्रत्येक कडेवर ड्राय ब्रश मारायचा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासायचा, संपलं. मग २००० नंतर मुख्यतः स्पेनमधल्या मंडळींनी सगळं बदललं, मिग हिमेनेझने फिल्टर आणि पिगमेंट घराघरात नेले, अॅडम वाइल्डरचं कलर मॉड्युलेशन, म्हणजे प्रत्येक भागाला वेगळी फिकट-गडद छटा देणं, आलं, हेअरस्प्रेने रंग उडवायची युक्ती आली. आणि मग एके, अॅमो वगैरे कंपन्यांनी हे सगळं तयार बाटल्यांत भरून विकायला काढलं. तर आता दुकानात "उन्हाळी धूळ", "इंजिनचं तेल", "ताजा चिखल" अशा वेगवेगळ्या बाटल्या दिसतात आणि परत येणाऱ्या माणसाला वाटतं की या सगळ्या घेतल्याशिवाय काही होणारच नाही. तसं नाहीये. त्या बाटल्यांत बहुतेक वेळा एनॅमल रंग, पिगमेंट आणि थिनर यांचंच वेगवेगळं मिश्रण असतं, सोय म्हणून उत्तम, पण गरज म्हणून नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि मी ते नवीन माणसाला कायम सांगतो: बाटली उघडायच्या आधी तुमचा रणगाडा कुठे होता, कुठल्या महिन्यात होता आणि किती दिवस होता हे ठरवा. कागदावर चार ओळी लिहा. प्रत्येक डागाला कारण पाहिजे. कारण नसलेला डाग कितीही सफाईने काढला तरी बघणाऱ्याला तो नुसता रंग वाटतो, डाग वाटत नाही.

तुमचंच किट घेऊ. टी-५५ए आणि आपल्याकडचे टी-५५ यात थोडे फरक आहेत, ए मॉडेलमधे आतल्या किरणोत्सर्गरोधक अस्तरामुळे हॅचभोवतीचा (आत शिरायच्या झाकणाभोवतीचा) भाग फुगीर दिसतो, तर ते आत्ता डोक्यात घेऊ नका, परत आल्यावरचं पहिलं किट सरळ डब्यातून करा. कुठला टी-५५ करायचा? मी सुचवीन जम्मूच्या सीमेवरचं छांब. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथे तोंड फुटलं, आपल्या बाजूला डेक्कन हॉर्सचे टी-५४ आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंटचे टी-५५ होते, मनावर तावी नदीच्या अलीकडे पलीकडे लढाई झाली. आता यातून वेदरिंगसाठी काय मिळतं ते बघा. डिसेंबर म्हणजे पाऊस नाही, माती कोरडी, फिकट धूळ. नदीचं पात्र म्हणजे गोटे आणि वाळू, म्हणजे ट्रॅक (चाकांवरचा लोखंडी साखळीपट्टा) घासून चकचकीत. पाण्यातून गेला असेल तर खालच्या भागात ओल आणि पाण्याची रेष. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लढाई काही दिवसांची, वर्षभराची नाही, शिवाय ती रेजिमेंटच मुळात १९७१ मधे उभी राहिलेली. म्हणजे रंग सोलून खाली लोखंड गंजलंय असा रणगाडा इथे शोभणार नाही. धूळ भरपूर, तेल आणि डिझेलचे डाग भरपूर, ओरखडे काही ठिकाणी, गंज फक्त जिथे असायलाच पाहिजे तिथे. बघा, एका तारखेने निम्म्या बाटल्या दुकानातच राहिल्या.

आता रणगाड्याभोवती एक चक्कर मारू, कारण टी-५५ हा यासाठी फार चांगला शिक्षक आहे, त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या घाण होतात. डाव्या फेंडरवर (ट्रॅकवरच्या पत्र्यावर) मागच्या बाजूला एक्झॉस्टचं तोंड आहे. ५८० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, त्यातून हा रणगाडा धुराचा पडदा करायला एक्झॉस्टमधेच डिझेल सोडतो, म्हणजे डाव्या मागच्या बाजूला, फेंडरवर, शेवटच्या एक दोन चाकांच्या वर, काजळी आणि तेलकट काळेपणा येणारच. ही काजळी मॅट काळी नसते हो, मधोमध काळी आणि बाहेर तपकिरी होत जाते, आणि त्यावर धूळ चिकटून बसते. एक्झॉस्टच्या तोंडाशी मात्र खरा गंज, तिथे तो तापतो आणि रंग टिकत नाही, तिथे मोकळ्या हाताने बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वापरा. उजव्या फेंडरवर डिझेलचे चपटे टाके आहेत. तिथे भरताना सांडतं. तिथले डाग म्हणजे झाकणाभोवती गडद चकचकीत ओल, खाली ओघळ, जुन्या ओघळावर धूळ, त्यावर परत नवा ओघळ. पुढे डावीकडे ड्रायव्हर बसतो, त्याच्या हॅचच्या कडा आणि पुढचा डावा फेंडर बुटांनी घासलेला असतो, तिथे धूळ कमी आणि पॉलिश जास्त. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, डावीकडे कमांडर, उजवीकडे लोडर, दोघांच्या हॅचभोवती पण तसंच. बाकी टरेटच्या वरच्या गोलाईवर धूळ बसते आणि माणूस कुठे कुठे हात टेकतो त्याप्रमाणे पुसली जाते.

चाकं पाच, पहिल्या आणि दुसऱ्यात गॅप. वरचा ट्रॅक चाकांवरच टेकून झोळ खात जातो कारण टी-५५ ला वर आधाराचे रोलर नाहीत. तामियाचा व्हिनाइल ट्रॅक तसा सोडला तर ताठ राहतो आणि मग वेदरिंग कितीही करा रणगाडा खेळण्यातला दिसतो, म्हणून तो झोळ आधी करून घ्या, ट्रॅक प्रत्येक चाकाच्या डोक्यावर चिकटवून किंवा फेंडरच्या मागे बारीक पिन घालून खाली दाबून. हे वेदरिंगच्या उत्तरात का सांगतोय? कारण वजन हे पण वेदरिंगच आहे. ३६ टनांचं धूड आहे ते, १/३५ मधे त्याचा हल (टरेटखालचं धड) साडेअठरा सेंटीमीटरच्या आसपास येतो, आणि ते वजन दाखवायला तुमच्याकडे ट्रॅकचा झोळ, चाकाखालची दबलेली माती आणि झिजलेलं लोखंड एवढंच आहे.

ट्रॅकबद्दल एक गोष्ट लोक फार चुकतात. चालता ट्रॅक केशरी नसतो. रात्रभर दवात उभा राहिला की गंजाची लाली येते हे खरं, पण दोन किलोमीटर चालला की ती गेली. जमिनीला लागणारा भाग आणि आतल्या बाजूला चाकं जिथे घासतात तो पट्टा चकचकीत पोलाद, बाकी सगळा भाग गडद तपकिरी अधिक त्या त्या ठिकाणची माती. टी-५५ च्या ट्रॅकला रबराचे पॅड नाहीत, सगळं लोखंड, त्यामुळे गोट्यांच्या पात्रात तो छान उजळतो. शेवटी मऊ पेन्सिलीची, ४बी ६बी चालेल, शिसं बोटावर घेऊन त्या उंचवट्यांवर फिरवा. पैसे जवळजवळ शून्य आणि मला तरी धातूच्या रंगापेक्षा हेच खरं वाटतं.

आता कारणं शोधायची कुठे. नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतं, सेंच्युरियन, विजयंता, पॅटन असे सगळे समोर उभे आहेत. जरूर जा, पण एक लक्षात ठेवा, म्युझियमचा रणगाडा रंगवून ठेवलेला असतो, तो चालत नाही, त्यामुळे त्याच्यावरची धूळ आणि गंज हा उभ्या वाहनाचा असतो, लढणाऱ्याचा नाही. तिथे जाऊन बघायचं ते ओतीव पोलादाचं टेक्स्चर, वेल्डिंगच्या जाड रेषा, कडा किती गोल आहेत, आणि माणसाच्या मानाने ही वस्तू केवढी आहे. पॅटनच्या टरेटसमोर उभं राहून ओतीव पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते बघितलंत तर तुमच्या टी-५५ च्या टरेटवर मिस्टर सरफेसर (जाडसर प्रायमर) ब्रशने थोपटून लावायला हात कचरणार नाही.

चालत्या वाहनाची घाण बघायची तर ती तुमच्या गल्लीत आहे. जेसीबी बघा. बकेटचे दात आरशासारखे, त्याच्या मागे एक ओरखड्यांचा पट्टा, मग पिवळा रंग, आणि गंज फक्त त्या दोघांच्या सीमेवर. हायड्रॉलिकच्या जॉइंटला तेल गळतं आणि त्याच्यावर धूळ बसून काळं मलम झालेलं असतं, हेच रणगाड्याच्या चाकांच्या हबवर होतं. कारखान्याच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर बघा, मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचे थर कसे चढतात, जुना वाळलेला फिकट आणि त्यावर आजचा ओला गडद. आणि तुम्ही तर नाशिकचे, द्राक्षबागेत फवारणीचे ट्रॅक्टर तुमच्याकडे शेकड्याने, त्या ब्लोअरच्या टाकीवर बोर्डो औषधाचे निळसर ओघळ कसे उतरतात ते नुसतं दहा मिनिटं उभं राहून बघा. ओघळ वरून सुरू होताना रुंद असतो का अरुंद, कुठे थांबतो, नटबोल्टपाशी फाटा कसा फुटतो. स्ट्रीकिंग, म्हणजे ओघळ काढणं, शिकायला यापेक्षा चांगला वर्ग मला माहीत नाही. कोकणात जाणं झालं तर एसटीच्या मागच्या बाजूचा तांबडा थर बघा आणि तोच मराठवाड्यातल्या गाडीचा बघा, मातीचा रंग म्हणजे पत्ताच असतो. म्हणून तर छांबच्या रणगाड्याला आपली काळी माती लावून चालणार नाही.

खरी माती वापरायची का हे बरेच जण विचारतात. मी सोलापूरकडची काळी माती वस्त्रगाळ करून तव्यावर भाजून वापरलीये, वाळताना तिला भेगा पडतात त्या बेसवर, म्हणजे खालच्या जमिनीवर, फार सुंदर दिसतात. पण रणगाड्यावर नको. एक तर कण मोठे वाटतात, दुसरं म्हणजे फिक्सर (पूड चिकटून राहावी म्हणून लावायचं द्रव) लागला की रंग दोन शेड गडद होतो आणि मग परत मागे येता येत नाही. धुळीसाठी साधे सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडून पावडर केली तरी काम होतं, ऑइल पेस्टल नाही हां, सॉफ्ट किंवा ड्राय पेस्टल. तयार पिगमेंट जास्त छान पकडतात हे मान्य, एक बफ आणि एक मातकट तपकिरी एवढे दोन घेतले तर दोन तीन रणगाडे आरामात होतात. लाल मातीचा प्रदेश करायचा असेल तर आपला गेरू आहेच.

आता थिनर. हा भाग नीट वाचा कारण इथे मी स्वतः एक अख्खं मॉडेल गमावलंय. तुम्ही ज्या काळात करत होतात त्या काळी एनॅमल रंग आणि एनॅमलचंच थिनर, प्रश्न नव्हता. परत आल्यावर मी एनॅमलचा बेस कोट दिला, त्यावर वार्निश न देता एनॅमलचाच वॉश दिला, आणि थिनर म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून जे "थिनर" मिळालं ते वापरलं. ते एनसी, म्हणजे लॅकरचं जहाल, थिनर होतं. बेस कोट उठला, खालचं प्लॅस्टिक मऊ पडलं, सस्पेन्शनचे हात वाकले. तीन महिन्यांचं काम एका संध्याकाळी गेलं आणि मी वर्षभर परत हात लावला नाही. म्हणून सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात नुसतं थिनर मागू नका. मिनरल टर्पेंटाइन मागा, ते सौम्य असतं, किंवा सरळ चित्रकलेच्या दुकानातून बिनवासाचं टर्पेंटाइन घ्या. आणि ते सुद्धा उघड्या प्लॅस्टिकवर, विशेषतः चाकांच्या दांड्यांसारख्या ताण असलेल्या जागी, ओतू नका, तिथे सांध्यातून शिरून प्लॅस्टिक तडकतं.

नियम सोपा आहे, थर वेगवेगळ्या जातीचे ठेवा. खाली अॅक्रिलिक बेस, म्हणजे तामियाचे रंग, मधे वार्निश, वर एनॅमल किंवा तैलरंग. वरचं टर्पेंटाइन खालच्या वाळलेल्या अॅक्रिलिकला काही करत नाही, त्यामुळे चुकलं तर पुसून परत सुरू. ही एक गोष्ट समजली की वेदरिंगची भीती निम्मी जाते, निदान माझी तरी गेली. तामिया पातळ करायला त्यांचं एक्स-२०ए किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. वालेहो घेतलंत तर ते पाण्याचे रंग आहेत, त्यात अल्कोहोल घातलं की गुठळी होते, दोन्ही ब्रँड एकमेकांत मिसळू नका.

क्रम मी कसा करतो ते सांगतो, हाच एक बरोबर असं नाही. प्रायमर, मग चाकांमागे, हलच्या खाली आणि सांध्यांत गडद तपकिरी. मग बेस, एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीनमधे थोडा एक्सएफ-५७ बफ, आडव्या वरच्या भागांवर बफ थोडा वाढवायचा कारण ऊन तिथे पडतं आणि छोट्या मॉडेलवर रंग मुळात फिकटच बरा दिसतो, नंतरचे वॉश त्याला गडद करणारच आहेत. पॅनेल पॅनेल वेगळं दिसेल इतकं मॉड्युलेशन मात्र मला पटत नाही, हिवाळ्यातल्या उन्हात उभा असलेला खरा रणगाडा तसा दिसत नाही, पण आवडीचा भाग आहे. मग नंबर आणि चिन्हं. तामियाच्या डब्यात भारतीय खुणा नाहीत, त्या हाताने रंगवाव्या लागतील किंवा सुटे डिकल (चिकटवायच्या छापील खुणा) शोधावे लागतील, आणि त्याच्यासाठी १९७१ चे फोटो बघूनच काय ते ठरवा. मग ग्लॉस किंवा सॅटिन वार्निश, पूर्ण एक दिवस वाळू द्या.

मग पिन वॉश. पूर्ण रणगाड्यावर नाही, फक्त बोल्टभोवती, वेल्डच्या रेषेत, हॅचच्या फटीत, बारीक ब्रशचं टोक टेकवायचं, रंग आपोआप पळतो. तामियाचं तयार पॅनेल लाइन अॅक्सेंट तपकिरी रंगाचं घ्या, तुम्ही विचारलंत ना पहिली बाटली कुठली, तर ही. काळा वॉश हिरव्यावर वापरू नका, फार कठोर दिसतो. दहा पंधरा मिनिटांनी टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या ब्रशने कडा पुसायच्या. ओलसर म्हणजे टिश्यूवर टिपून घेतलेला, भिजलेला नाही.

पिन वॉश वाळला की मॅट वार्निश, आणि आता माझा सगळ्यात आवडता टप्पा, तैलरंग. यासाठी महागडं काही लागत नाही, कॅमलचे विद्यार्थ्यांचे तैलरंग सुद्धा चालतात, पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि काळा एवढ्या पाच ट्यूब. रंग जाड पुठ्ठ्यावर काढा आणि अर्धा पाऊण तास तसाच ठेवा, पुठ्ठा जवस तेल शोषून घेतो, मग रंग मॅट वाळतो आणि लवकर वाळतो. आता एका वेळी एकच भाग घ्या, समजा टरेटची उजवी बाजू. टोकाने दोन तीन रंगांचे अगदी बारीक ठिपके, इतके बारीक की कमी वाटावेत, मग टिपून घेतलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढायचं, ओढत राहायचं, ठिपका जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. जे उरतं ती रंगाची हलकी छटा, म्हणजे तोच तो फिल्टर आणि तोच तो ओघळ. दिशा कायम पाणी जिकडे वाहील तिकडे. आडव्या भागावर ओढायचं नाही, तिथे ब्रश उभा धरून थोपटायचं. नाही आवडलं, टर्पेंटाइनने पुसा, परत करा. मी एकेका बाजूला एकेक संध्याकाळ देतो आणि घाई असेल त्या दिवशी बसतच नाही.

चिपिंग. इथे हिशोब करा. १/३५ मधे अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पावणेदोन सेंटीमीटरचा टवका. ठीक आहे, असू शकतो. दोन मिलीमीटरचा टवका म्हणजे सात सेंटीमीटर, तो पडायला काहीतरी आदळायला पाहिजे, मग काय आदळलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा तुकडा चिमट्यात धरा, गडद तपकिरी अॅक्रिलिक घ्या, कागदावर जवळजवळ सगळा टिपून टाका, मग फेंडरच्या कडा, हॅचच्या कडा, टूल बॉक्सचे कोपरे, बस. सगळ्या कडांना सारखं नाही. हेअरस्प्रेची पद्धत पण शिका पण ती पुढच्या किटवर, खाली गंजाचा रंग, वर हेअरस्प्रेचे दोन हलके हात, त्यावर तामियाचा पातळ कोट, आणि त्याच दिवशी पाणी लावून कडक ब्रशने घासायचं, कारण दुसऱ्या दिवशी तो कोट सहज उठत नाही. भंगार झालेल्या किंवा वाळवंटात महिने काढलेल्या वाहनाला ती छान, छांबच्या टी-५५ ला तिची गरज नाही. मीठ टाकून करतात तीही तशीच.

शेवटी धूळ. पिगमेंट कोरडं, मऊ ब्रशने, चाकांत, फेंडरवर, पुढच्या प्लेटच्या खालच्या भागात, इंजिन डेकच्या जाळीभोवती. मग जिथे माणसं चालतात तिथून बोटाने पुसा. खालच्या हलवर पिगमेंट टर्पेंटाइनमधे कालवून लावा, ब्रशवर घेऊन काडीने टिचकी मारून शिंतोडे उडवा, शिंतोडे चाकांकडून वर आणि मागे, टरेटवर नको. पाण्याची रेष दाखवायची असेल तर ट्रॅक आणि खालची अर्धी चाकं गडद आणि सॅटिन, वर फिकट कोरडी धूळ, मधली सीमा वेडीवाकडी. चाकांचं रबर काळंकुळीत ठेवू नका, धुळीत ते राखाडी दिसतं. सगळ्यात शेवटी डिझेल आणि तेलाचे ओले डाग, कारण ते धुळीच्या वर असतात.

एअरब्रशचं सांगतो. बेस कोटसाठी तामियाचा स्प्रे कॅन वापरूनही तुम्ही हे सगळं करू शकता, वर जे पिन वॉश, तैलरंग, चिपिंग, पिगमेंट सांगितलं त्यातल्या कशालाच एअरब्रश लागत नाही. म्हणून हे पहिलं किट एअरब्रशशिवाय करा. पुढे घ्यायचा झाला तर ०.३ मिमी नोझलचा, डबल अॅक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), आणि कॉम्प्रेसर टाकीवाला, साधारण १५ ते २० पीएसआयवर चालवा, रंग दुधाइतका पातळ. पण मास्क मात्र आत्ताच घ्या, स्प्रे कॅनसाठी सुद्धा. एन-९५ धूळ अडवतो, पिगमेंट आणि घासकामासाठी ठीक आहे, थिनरची वाफ तो अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला रेस्पिरेटरच लागतो. खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा. घरात लहान मुलं असतील तर टर्पेंटाइनची बाटली कुलपात. आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी जवळचं दिसत नाही ही लाजायची गोष्ट नाहीये, डोक्याला लावायचं भिंग आणि एक चांगला पांढरा एलईडी दिवा, या दोन गोष्टींनी माझं काम कुठल्याही रंगापेक्षा जास्त सुधारलं.

आपल्या हवेचं पण बघावं लागतं, परदेशी व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. जुलै ऑगस्टमधे दमट हवेत लॅकर वार्निश मारलं की पांढरट धुकं धरतं, तर पावसाळ्यात जोडणी, घासकाम आणि तैलरंग करा आणि वार्निश उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी. उलट मे महिन्यात तामियाचा रंग हवेतच वाळून प्लॅस्टिकवर खरखरीत बसतो, तेव्हा सकाळी लवकर रंगवा किंवा थोडं रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव) घाला.

राहिला थांबायचा प्रश्न. पिगमेंट लावून झालं की लगेच फिक्सर मारू नका. रात्रभर तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात हातभर अंतरावरून बघा. आधी टी-५५ चा आकार दिसला, तो गोल टरेट, ती पाच चाकं आणि मधली गॅप, आणि मग धूळ दिसली, तर झालं, थांबा. आधी धूळ किंवा टवके दिसले तर जास्त झालंय, कोरड्या ब्रशने झटका आणि जिथे चिकटलं असेल तिथे टर्पेंटाइनने हलकं पुसा, खालचा अॅक्रिलिक आणि वार्निश शाबूत आहे त्यामुळे काही बिघडत नाही. नंतर तुमचा तो चार ओळींचा कागद काढा आणि डावा मागचा फेंडर, उजवे टाके, ड्रायव्हरची हॅच, ट्रॅक असं एकेक ताडून बघा, ज्या डागाचं कारण कागदावर सापडत नाही तो काढून टाका. ते झाल्यावरच फिक्सर, आणि तोही ब्रशने नाही, ड्रॉपरने थेंब थेंब कोपऱ्यात सोडायचा, पिगमेंट आपोआप ओढून घेतं. ट्रॅकवरचं पेन्सिलीचं शिसं आणि उजव्या टाक्याखालचा ओला डिझेलचा ओघळ मी फिक्सर वाळल्यावर सगळ्यात शेवटी करतो.